अंटार्क्टिकाला छोट्या एक्स्पिडिशन जहाजाने जाताना

अंटार्क्टिकाच्या सफरींची माहितीपत्रकं उघडली की आधी दिसतात बाल्कनीच्या केबिन, बटलर, सॉना आणि शेफची नावं. ते सगळं नंतर बघा. सगळ्यात आधी जहाजावर प्रवासी किती आहेत तो आकडा शोधा, कारण तुम्ही बर्फावर किती वेळ उभे राहणार हे त्यावर ठरतं.

अंटार्क्टिकाला पर्यटक नेणाऱ्या कंपन्यांची आयाटो (IAATO) ही संघटना 1991 साली स्थापन झाली. तिचे नियम अंटार्क्टिक करारातल्या तरतुदींशी जोडलेले आहेत. एका ठिकाणी एका वेळी 100 पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर नसावेत, एका वेळी एकच जहाज तिथे असावं आणि दर 20 प्रवाशांमागे किमान एक गाइड असावा. 500 पेक्षा जास्त प्रवासी असलेली जहाजं कुणालाच किनाऱ्यावर उतरवत नाहीत, ती फक्त लांबून दाखवून परततात. काही ठिकाणी तर 100 हूनही कमी माणसांना परवानगी असते.

आता गणित करा. एका ठिकाणी साधारण तीन-साडेतीन तास मिळतात. जहाजावर 100 च्या आत प्रवासी असतील तर सगळे एकदम उतरतात आणि जवळजवळ पूर्ण वेळ किनाऱ्यावर काढतात. 200 असतील तर निम्मे किनाऱ्यावर जातात, निम्मे रबरी बोटीतून हिमनगांमध्ये फिरतात आणि मग अदलाबदल होते. प्रत्येकाला जमिनीवर सव्वा-दीड तास मिळतो, पण थांबून राहावं लागत नाही. 200 च्या पुढे मात्र कुणीतरी जहाजावर आपल्या पाळीची वाट बघत बसलेलं असतं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: पैसे मर्यादित असतील तर मोठ्या जहाजावरच्या सुइटपेक्षा छोट्या जहाजावरची साधी केबिन घ्या.

लक्झरीला अर्थ नाही असं मात्र नाही. काही सोयी खरोखर कामाच्या असतात आणि त्या माहितीपत्रकात ठळक दिसत नाहीत. बुकिंग करण्याआधी विचारून घ्या: रबरी बोटीत चढायला जहाजाला दारं किती आणि ती एकाच बाजूला आहेत की दोन्ही? दोन्ही बाजूंना असतील तर वाऱ्याच्या आडोशाची बाजू निवडता येते आणि एरवी रद्द झाली असती अशी फेरीही होऊ शकते. बूट आणि ओले कपडे ठेवायला वेगळी खोली आहे का, तिथे प्रत्येकाला लॉकर आहे का? नसेल तर बर्फाचं पाणी आणि पेंग्विनची विष्ठा तुमच्या केबिनपर्यंत येते, आणि तो वास गालिच्यातून लवकर जात नाही. गाइड किती आणि कोणत्या विषयांचे? पक्षी, देवमासे, हिमनद्या आणि इतिहास यांचे निरनिराळे जाणकार असलेलं पथक आणि सगळं थोडंथोडं सांगणारं पथक यांत मोठा फरक असतो. कयाक हवी असेल तर ती जागा बुकिंगच्या वेळीच घ्या, जहाजावर गेल्यावर मिळेल या भरवशावर राहू नका.

महिन्याची निवड

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात बर्फ अजून स्वच्छ असतो आणि पेंग्विन जोड्या जमवून दगडांची घरटी रचत असतात, पण दक्षिणेकडच्या चिंचोळ्या खाड्या गोठलेल्या असू शकतात. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीत पिल्लं बाहेर येतात आणि प्रकाश जवळजवळ रात्रभर राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक देवमासे सर्वाधिक दिसतात, समुद्रावरचा बर्फ मागे हटलेला असतो आणि अंटार्क्टिक वृत्त ओलांडणाऱ्या सफरी बहुधा याच सुमारास ठेवतात. पेंग्विनच्या वसाहती मात्र तोवर चिखलाने आणि विष्ठेने माखलेल्या असतात. सगळं एकाच सफरीत मिळत नाही, तेव्हा तुम्हाला काय बघायचं आहे ते आधी ठरवा.

ड्रेक पॅसेज

बहुतेक जहाजं अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून निघतात. पहिले काही तास बीगल चॅनेलमध्ये पाणी शांत असतं. मग दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न ते अंटार्क्टिकाजवळची दक्षिण शेटलँड बेटं हा सुमारे 800 किलोमीटर रुंद ड्रेक पॅसेज लागतो. तो पार करायला दीड ते दोन दिवस लागतात. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती वाऱ्याला आणि लाटांना अडवणारी जमीनच नाही, म्हणून समुद्र इथे इतका खवळतो. नशीब असेल तर तो तळ्यासारखा सपाटही मिळतो, पण तयारी खवळलेल्या समुद्राचीच ठेवा.

बोट लागते की नाही याचा मोठा भाग केबिनच्या जागेवर अवलंबून असतो. जहाजाची लांबी धरली तर मधली आणि उंची धरली तर खालची केबिन सगळ्यात कमी हलते. वरच्या डेकची पुढच्या टोकाची महागडी केबिन सगळ्यात जास्त हेलकावे खाते. खालच्या डेकवर गोल खिडकी असेल तर वादळात तिच्यावर लोखंडी झाकण लावतात, तेवढं अंधारं सहन करावं लागतं. बाल्कनी ड्रेकमध्ये बंदच असते. तिचा उपयोग पुढे, बर्फाच्या खाड्यांमध्ये होतो. जहाजाच्या बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, पण ते जहाज वेगात असतानाच नीट काम करतात आणि बर्फात ते आत ओढून घ्यावे लागतात.

औषधाबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेणं. तोवर पोट काही स्वीकारत नाही आणि गोळी बाहेर येते. बीगल चॅनेलचं शांत पाणी संपण्याच्या बऱ्याच आधी औषध पोटात किंवा अंगावर असायला हवं. कानामागे लावायचा स्कोपोलामीनचा पॅच किमान चार तास आधी लावायचा. तो तीन दिवस चालतो. लावल्यावर हात साबणाने धुवा, कारण तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होते आणि धूसर दिसू लागतं. तोंड कोरडं पडणं हा त्याचा नेहमीचा परिणाम. काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावू नये. बोट लागण्यावरच्या मेक्लिझिनच्या गोळ्यांनी झोप येते. कोणतंही औषध असो, घरी एकदा घेऊन बघा म्हणजे त्याचा तुमच्यावर काय परिणाम होतो ते कळेल. दोन औषधं आपल्या मनाने एकत्र करू नका. सगळं फसलं तर जहाजावरचे डॉक्टर इंजेक्शन देऊ शकतात. लाजेखातर केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा त्यांना बोलवा, कारण सतत उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर पुढचे दोन दिवस वाया जातात.

पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, आलं, थोडं थोडं पाणी चालतं. क्षितिजाकडे बघत बसा किंवा आडवे होऊन डोळे मिटा. मोबाइल आणि पुस्तक बाजूला.

हलत्या जहाजावर खऱ्या दुखापती होतात त्या दारांमुळे. केबिनची दारं जड असतात आणि जहाज कललं की आपोआप जोरात मिटतात. चौकटीवर बोटं कधी ठेवायची नाहीत, कडी धरूनच दार उघडायचं-लावायचं. चालताना एक हात नेहमी कठड्यासाठी मोकळा. बाटल्या, लॅपटॉप, चष्मा रात्री झोपण्याआधी जमिनीवर किंवा खणात. निघण्याआधी आणीबाणीचा सराव सगळ्यांना सक्तीचा असतो: सात लहान आणि एक लांब भोंगा ऐकला की गरम कपडे आणि लाइफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी जायचं.

कपडे आणि बूट

उन्हाळ्यात तिथे तापमान बहुधा शून्याच्या आसपास असतं, बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा सौम्य. त्रास होतो तो वाऱ्याचा आणि ओलीचा. म्हणून एक जाड कोट पुरत नाही, थर हवेत. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, दोन जोड. त्यावर फ्लीस, दोन. सगळ्यात वर पार्का, म्हणजे टोपी असलेला जाड कोट, जो बऱ्याच लक्झरी कंपन्या भेट म्हणून देतात. सुती काही नको: सूत घाम धरून ठेवतं आणि गारठवतं.

पार्का मिळतो, पण वॉटरप्रूफ पँट बहुधा आपल्याला न्यावी लागते. इथे लोक काटकसर करतात आणि पस्तावतात. ती नुसती पाणी झिरपू न देणारी नको, बसल्यावर दाब पडला तरी पाणी आत न येणारी हवी, कारण बोटीच्या ओल्या रबरावर तुम्ही तासभर बसणार आहात. पायाकडे ती इतकी रुंद असायला हवी की गुडघ्यापर्यंतच्या बुटांवरून खाली येईल. पँट बुटात खोचली तर लाटेचं पाणी पँटवरून ओघळून थेट बुटात जातं.

बूट जहाजावर वापरायला मिळतात. माप आधी कळवावं लागतं, ते जाड मोजा घालून घ्या. पहिल्या दिवशी वाटपाच्या वेळी दोन्ही बूट घालून दहा पावलं चाला आणि बदलायचे असतील तर तेव्हाच बदला. पाय गार पडतात म्हणून तीन मोजे चढवणं उलटं पडतं. बूट घट्ट होतो, रक्त कमी पोचतं आणि बोटं आणखी गारठतात. पातळ मोजा आणि त्यावर एकच जाड लोकरी मोजा पुरे. हातमोज्यांचेही दोन थर: आत पातळ, ज्याने कॅमेऱ्याची बटणं दाबता येतील, बाहेर वॉटरप्रूफ. बाहेरच्यांचा जादा जोड हवाच, कारण एक जोड नेहमी सुकत टाकलेला असतो. मानेला बफ (नळीसारखा गळपट्टा), कान झाकणारी टोपी, पोलराइज्ड गॉगल आणि सनस्क्रीन. बर्फावरून परतणारं ऊन हनुवटीखालीही भाजतं.

संध्याकाळसाठी सूट-साडी नेण्याचं कारण नाही. नीटनेटका साधा पोशाख चालतो.

सगळं सामान वेगळ्या बॅगेत विमानाच्या पोटात टाकू नका. पँट, हातमोजे, एक जोड थर, औषधं आणि कॅमेरा हातातल्या बॅगेत. बॅग हरवली तर जहाज थांबत नाही. बंदरात किमान एक, शक्यतो दोन दिवस आधी पोचा. अंटार्क्टिकाला स्वतःचा व्हिसा नाही, पण ज्या देशातून तुम्ही निघता तिथे परत येणार आहात, तेव्हा तुमच्या पासपोर्टला एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो का ते तपासा. विम्यात तातडीने हलवण्याचा खर्च आहे का ते शब्दशः वाचा. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, मोठं रुग्णालय कित्येक दिवसांच्या अंतरावर. नेहमीच्या गोळ्या लागतील त्याच्या दुप्पट न्या.

उतरण्याआधीची सफाई

किनाऱ्यावर जाण्याआधी सगळ्यांना सक्तीचं ब्रीफिंग असतं आणि मग कपड्यांची तपासणी. ही औपचारिकता नाही. पोआ अनुआ नावाचं साधं गवत माणसांबरोबर किंग जॉर्ज बेटावर जाऊन रुजलेलं आहे. बिया लपतात त्या वेल्क्रोत, खिशांच्या शिवणीत, बुटांच्या तळव्यांत, कॅमेऱ्याच्या बॅगेच्या तळाशी, ट्रायपॉडच्या आणि काठीच्या टोकांत. घरीच ब्रश आणि चिमट्याने साफ करून आणलंत तर जहाजावर कपडे-बॅगा व्हॅक्युम क्लीनरने साफ करायच्या रांगेत तुमचा तास वाचतो. प्रत्येक फेरीआधी आणि नंतर बूट जंतुनाशकात बुडवायचे आणि तळव्यात अडकलेले खडे तिथेच ब्रशने काढायचे.

फेब्रुवारी 2024 मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू सापडला. त्यामुळे आता किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, आडवं होऊन फोटो काढायचे नाहीत, बॅगही जमिनीवर ठेवायची नाही.

झोडियाकमध्ये चढणं-उतरणं

रबरी बोटींना सगळे झोडियाक म्हणतात. एकीत आठ-दहा प्रवासी बसतात. गोंधळ होतो तो इथेच, म्हणून क्रम पाठ करा.

पार्काच्या वर लाइफ जॅकेट, पट्टे घट्ट. ही जॅकेटं पाण्यात पडताच आपोआप फुगतात, म्हणून ती कोटाच्या आत घालायची नाहीत आणि बॅगेचे पट्टेही त्यावरून जाऊ द्यायचे नाहीत. बॅग आधी हातात घ्या आणि खलाशाकडे द्या. दोन्ही हात रिकामे. जहाजातून बाहेर पडताना कार्ड स्कॅन करा. परत आल्यावरही करा, कारण एका माणसाचं कार्ड राहिलं तर जहाज नांगर उचलत नाही आणि तुमचं नाव स्पीकरवर घेतलं जातं.

गँगवेच्या, म्हणजे जहाजातून बोटीत उतरायच्या जिन्याच्या, शेवटच्या पायरीवर थांबा. खलाशाचा हात धरताना तळवा धरू नका, मनगटाच्या वर, एकमेकांच्या कोपराखालचा भाग पकडा. ओले हातमोजे तळव्यातून निसटतात, ही पकड निसटत नाही. बोट लाटेबरोबर वर-खाली होते. ती वर आलेली असते तेव्हा पाऊल टाकायचं असतं, आणि ती वेळ खलाशी सांगतो. तो म्हणेपर्यंत हलू नका. पहिलं पाऊल बोटीच्या रबरी कडेवर, दुसरं आतल्या पायरीवर, मग तळाशी. लगेच कडेवर बसा आणि सरकत आपल्या जागी जा. मध्ये उभं राहून जागा शोधणं धोक्याचं.

किनाऱ्यावर बोट पुढच्या टोकाने टेकते. बसल्या जागी पुढे सरका, कडेवर बसूनच दोन्ही पाय बाहेर फिरवा, गाइडने हात धरला की पाण्यात उतरा. पाणी पोटरीपर्यंत असू शकतं. मागून लाट येत असेल तर गाइड थांबवेल, तेव्हा घाई नको. उडी मारणाऱ्यांचे घोटे खालच्या गोल, शेवाळलेल्या दगडांवर मुरगळतात.

बोटीतून नुसतं फिरायचं असेल तेव्हा एक थर जास्त घाला. चालण्याने येणारी ऊब तिथे मिळत नाही आणि चाळीस मिनिटांनी थंडी हाडात शिरते. तरी ही फेरी कधी चुकवू नका. हिमनगाच्या पाण्याखालचा निळा भाग आणि बर्फाच्या तुकड्यावर झोपलेला बिबट्या सील इतक्या जवळून जहाजावरून दिसत नाही.

किनाऱ्यावर

पेंग्विनपासून किमान 5 मीटर, फर सीलपासून 15 मीटर. पेंग्विनच तुमच्याकडे आला तर स्तब्ध उभे राहा, तो वळसा घालून जाईल. बर्फात त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा खोलगट दिसतात. त्यांत पाय ठेवायचा नाही, आणि त्या ओलांडायच्या त्या फक्त गाइड दाखवेल तिथेच. मऊ बर्फात तुमचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर पुढे जाण्याआधी तो खड्डा बर्फाने बुजवा. उघडा राहिलेला खड्डा पेंग्विनसाठी सापळा ठरतो, आत पडला की त्याला वर येता येत नाही. शेवाळावर पाय नको. दगड, पीस, हाड काहीही उचलायचं नाही. खाणं न्यायचं नाही, स्वच्छतागृह किनाऱ्यावर नाही, म्हणून निघण्याआधी जहाजावर जाऊन या आणि तासभर आधी चहा-कॉफी थांबवा.

फर सील जमिनीवर अनपेक्षित वेगाने धावतो. तो अंगावर आला तर पळू नका, जागेवर उभे राहून टाळ्या वाजवा आणि हळूहळू मागे सरा. नेको हार्बरसारख्या ठिकाणी हिमनदीचा कडा पाण्यात कोसळतो आणि काही वेळात लाट किनाऱ्यावर चढते. तिथे पाण्यालगत रेंगाळू नका, गाइडने वर बोलावलं की लगेच चढा. चढणीवर बर्फात कुठेही फिरू नका. झेंड्यांनी आखलेल्या वाटेबाहेर बर्फाखाली भेगा असू शकतात.

फोटोंसाठी 100 ते 400 मिमीची एक लेन्स पुरेशी आहे, दुसरी लागलीच तर मोबाइल. बोटीत लेन्स बदलू नका. बॅटऱ्या थंडीत झपाट्याने उतरतात, जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवा. जहाजात परतताना कॅमेरा बाहेर असतानाच बंद पिशवीत घाला आणि केबिनमध्ये तास-दोन तास तसाच राहू द्या, नाहीतर उबदार हवेतली वाफ थेट लेन्सवर जमते. हौशी ड्रोन या किनाऱ्यांवर चालत नाहीत, नेऊच नका.

बदलणारा बेत

संध्याकाळी एक्स्पिडिशन लीडर, म्हणजे गाइडच्या पथकाचा प्रमुख, दुसऱ्या दिवसाचा बेत सांगतो. तो बेत आहे, वचन नाही. वारा साधारण 25 नॉटच्या (ताशी सुमारे 46 किलोमीटरच्या) पुढे गेला किंवा गँगवेपाशी पाणी फार उसळत असेल तर फेरी रद्द होते. डोंगरांवरून खाली कोसळणारे वारे काही मिनिटांत सुरू होतात, म्हणून किनाऱ्यावरूनही लवकर परत बोलावलं जाऊ शकतं. चांगला लीडर मग दुसरी खाडी शोधतो. लमेअर चॅनेल बर्फाने बंद असणं, डिसेप्शन बेटाच्या नेपच्यून्स बेलोज या अरुंद तोंडातून आत जाता न येणं हे नेहमीचंच. एखाद्या विशिष्ट जागेचा ध्यास धरून निघालात तर निराश व्हाल. पोर्ट लॉकरॉय हा 1944 चा ब्रिटिश तळ आज संग्रहालय आणि टपाल कार्यालय आहे. तिथे थांबा मिळाला तर पत्रं पाठवा, ती पोचायला कित्येक आठवडे लागतात.

घोषणा पहाटे चारला झाली तरी डेकवर जा. पार्का, टोपी आणि बूट दाराजवळ तयार ठेवले की पाच मिनिटांत बाहेर पडता येतं, आणि देवमासे तेवढाच वेळ देतात. बरीच छोटी जहाजं ब्रिज, म्हणजे जहाज चालवण्याची खोली, प्रवाशांना खुला ठेवतात. तिथे हळू आवाजात बोला, रात्री मोबाइलचा उजेड करू नका, आणि खाडीत वळणं घेताना अधिकाऱ्यांशी गप्पा मारायला जाऊ नका.

परतीच्या ड्रेकआधी पॅच नव्याने लावा, पहिल्याचे तीन दिवस केव्हाच संपलेले असतात. बूट परत करण्याआधी स्वतः धुवा, तळवे ब्रशने. उशुआइयात जहाजं बहुधा सकाळी रिकामी करतात, पण वाऱ्यामुळे उशीर होऊ शकतो. त्या दिवशी दुपारनंतरचंच विमान घ्या, आणि पुढे आंतरराष्ट्रीय विमान असेल तर मध्ये एक रात्र ठेवा. पार्का बॅगेत मावत नाही, तो अंगावर घालूनच विमानात चढा.